व्यसनमुक्तीची खरी कसोटी



पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे चाकणपर्यंत उद्योग विस्तारले. गाव सोडून आलेल्या तरुणांना येथे रोजगार मिळाला. कित्येकांच्या वाट्याला एकाकीपणाही आला. रात्रपाळीचा शीण घालविण्यासाठी घेतलेला पेला कधी कधी साऱ्या पगाराचा धनी होऊन बसतो.

व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होऊ शकतात. याच जाणिवेने डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास साहाय्य केले. तेथे औषधांच्या जोडीला समुपदेशन व गटचर्चा यांनाही स्थान मिळाले.

नित्याची दारू एकाएकी थांबविल्यास हातांना कंप सुटतो, झोप उडते, प्रसंगी झटके येतात. म्हणून वैद्यकीय सल्ला अत्यावश्यक ठरतो. शरीर काही दिवसांत सावरते. मनाला मात्र दीर्घ काळ लागतो. खरी कसोटी लागते ती कामावर परतल्यावर, पगाराच्या दिवशी, कारखान्याच्या फाटकाबाहेर. अशा वेळी ‘आज एकच’ असा आग्रह न धरता चहाला नेणारा सोबती, उपचारासाठी पाळी बदलून देणारा पर्यवेक्षक आणि जुन्या चुका न उगाळणारे घर, हीच त्या कामगाराची मोठी शिदोरी असते.

पाऊल पुन्हा घसरले, तरी उपचार व्यर्थ गेले असे नाही. ते त्वरित पुन्हा सुरू करावेत. १४४४६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनीवर मार्गदर्शन मिळते. व्यसन सोडण्याचा निश्चय एकट्याचा असतो. तो टिकविण्याचे काम मात्र सर्वांचे आहे.