नंबर तोच, ट्रान्झिस्टर वेगळा



पत्रिकेत माझा विषय ‘जुन्या ॲम्प्लिफायरची दुरुस्ती’ असा छापला आहे. तो एका संध्याकाळीत मावणारा नाही. बेस, एमिटर, कलेक्टर, एनपीएन, पीएनपी हे समोरच्या निम्म्या मंडळींना ठाऊकच आहे आणि उरलेल्यांचं त्यावाचून काही अडणार नाही, तेव्हा ते सोडून देतो. मला एकच गोष्ट सांगायची आहे. जळालेल्या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जागी नवा निवडताना त्याचा वेग पाहा. व्होल्ट, अँपिअर, वॅट सगळे बघतात. वेगाचा आकडा डेटाशीटमध्ये बराच खाली असतो, तिथवर कोणी जात नाही.

उदाहरण म्हणून २एन३०५५ घेऊ. (‘आहे का अजून?’ असा मागून प्रश्न, हशा.) आहे ना! १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने तो आणला आणि आजही तो नव्याने तयार होऊन मिळतो. धातूची टोपी, दोन स्क्रू, १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॅट. आपल्याकडच्या कितीतरी लाउडस्पीकर ॲम्प्लिफायरांत तो बसलेला होता.

पण आरसीएचा तो पहिला २एन३०५५ आणि आजचा २एन३०५५ आतून एक नाहीत. पहिला ‘होमेटॅक्सियल’ पद्धतीचा होता. त्याचा बेस जाड आणि एकसारखा. त्यामुळे तो मंद होता. वेगाचा आकडा ०.८ मेगाहर्ट्झच्या आसपास. पण त्याच जाडीमुळे तो दणकट होता, करंट एका ठिकाणी गोळा होऊन तिथे भोक पडायची भीती कमी. सत्तरच्या दशकात या नंबरासाठी एपिटॅक्सियल पद्धत आली. ती स्वस्त पडत होती आणि वेग किमान २.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तिप्पट. टोपीवरचा नंबर मात्र बदलला नाही.

पुढच्या रांगेतले सर मान हलवताहेत. त्यांचं म्हणणं मला माहीत आहे: वेगवान भाग चांगलाच की, वाईट कसा? सर, नव्या डिझाइनमध्ये तो चांगलाच आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. तोशिबाचा सी५२०० तीस मेगाहर्ट्झचा आहे आणि जे ॲम्प्लिफायर त्याच्यासाठी आखले गेले त्यांत तो उत्तम चालतो. मी बोलतोय ते १९७०च्या सर्किटबद्दल. ते आखणाऱ्याने आउटपुट ट्रान्झिस्टर मंद आहे हे धरून फीडबॅक बांधला होता. वरच्या फ्रिक्वेन्सीला गेन खाली आणायचं काम तो मंदपणाच करत होता. तो काढून घेतलात की गेन वरपर्यंत टिकतो, तिथे बाकीच्या स्टेजचा उशीर साचलेला असतो, आणि चूक दुरुस्त करायला परत आणलेला सिग्नलच ती चूक वाढवायला लागतो. ॲम्प्लिफायर ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करत सुटतो. कानाला काही ऐकू येत नाही, कारण ते सगळं आपल्या ऐकण्याच्या कितीतरी वर चाललेलं असतं.

इथे एक हकिगत सांगतो. दोन मिनिटांची आहे. एक गृहस्थ माझ्याकडे रिसीव्हर घेऊन आले. त्यांचे वडील सत्तरच्या दशकात जर्मनीत शिकायला होते, तिथून आणलेला. लाकडी पेटी, ट्यूनिंगची काच शाबूत. तक्रार अशी की गाणं छान वाजतं, पण आवाज शून्यावर ठेवला तरी अर्ध्या तासात हीटसिंकला हात लावता येत नाही. दोनदा दुरुस्त झाला होता, दोन्ही वेळा उजव्या बाजूचे ट्रान्झिस्टर बदलले होते. कोणीतरी बायस, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला करंट, उतरवून ठेवला होता, त्यामुळे हळू आवाजातली सतार फाटायची. हे त्यांच्या आईंनी ओळखलं होतं. दुकानदारांना सांगून त्या थकल्या होत्या, ‘सतार अशी वाजत नाही हो.’

मी आधी पेटी सीरीज बोर्डावर लावली. शंभर वॅटचा दिवा मेनच्या वाटेत. शॉर्ट असेल तर दिवा झगझगीत पेटतो आणि ट्रान्झिस्टर वाचतात. हे केल्याशिवाय जुनं यंत्र कधीही थेट मेनवर लावू नका. दिवा विझला नाही, मंद पेटत राहिला. म्हणजे शॉर्ट नाही, पण खातंय काहीतरी. मग घरातला दोन बँडचा जुना रेडिओ शेजारी ठेवला आणि शॉर्टवेव्हवर काटा हळूहळू फिरवला. एका जागी सगळी खरखर एकदम दबली, मागे नुसती हमिंग राहिली. रिसीव्हर बंद केला की खरखर परत. चालू केला की पुन्हा दबली. तो रिसीव्हर प्रक्षेपण करत होता! (हशा.) ऑसिलोस्कोपवर पाहिलं तर लाटेचा वरचा भाग स्वच्छ आणि खालच्या अर्ध्यात रेघ जाड.

टोप्यांवरचा नंबर बरोबर होता. दोन्ही दुरुस्त्यांत बसवलेले २एन३०५५च होते, बनावट नव्हते, सुटे तपासले तर ठणठणीत. जुन्या पद्धतीचे शोधले, खात्रीचे मिळाले नाहीत. तेव्हा वेग सर्किटमध्येच आवरला: प्रत्येक बेसला पिनेपाशीच थोड्या ओहमचा रेझिस्टर आणि कॉम्पेन्सेशनचा कपॅसिटर थोडा मोठा. रेघ बारीक झाली. मग बायस पूर्ववत केला. एमिटरच्या ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट, म्हणजे ५० मिलिअँपिअर. आईंनी स्वतः बसून सतार ऐकली आणि काही न बोलता पुढची तबकडी लावली...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मग भराभर सांगतो.

वेगाइतकाच महत्त्वाचा आहे सेफ ऑपरेटिंग एरिया. १५ अँपिअर आणि ६० व्होल्ट हे आकडे एकाच वेळचे नाहीत. गुणाकार ९०० वॅट होतो आणि ट्रान्झिस्टर ११५चा आहे. तोही टोपी २५ अंशांवर असताना. टोपी १०० अंशांवर गेली की सुमारे ६५ वॅट उरतात. आपल्या मे महिन्यात, बंद कपाटात, हे विसरून चालणार नाही.

व्होल्टेज. क्वाड ३०३ हा १९६७चा इंग्लिश ॲम्प्लिफायर, पीटर वॉकर यांच्या कंपनीचा. त्याचा सप्लाय ६७ व्होल्टचा आहे. आणि दुकानात २एन३०५५ मिळतो ६० व्होल्टचा! तरी लोक तो त्यात बसवतात, आणि वाजला की ‘झालं’ म्हणतात. तिथे मी एमजे१५००३ घेतो: १४० व्होल्ट, २५० वॅट, आणि वेग किमान दोन मेगाहर्ट्झ. त्याहून फार वेगवान काही नको. बसवल्यावर स्कोप लावायचाच, त्यात सूट नाही.

बनावट माल. लॅमिंग्टन रोड असो, तापकीर गल्ली असो की परदेशातून मागवलेलं पार्सल, शंका आली तर एक बळी द्या आणि करवतीने टोपी कापा. टेबलावर दोन कापून ठेवले आहेत. एकात नखाएवढी चिप आहे, दुसऱ्यात मोहरीएवढी. बाहेरून दोन्हींवर छपाई एकसारखी सुबक.

(‘आयसीचं सांगा’ असा आवाज.) आयसीचं पुढच्या वर्षी, बोलावलंत तर.

आउटपुट बदलताना त्याचा ड्रायव्हर आणि एमिटर रेझिस्टर तपासा, तेही बहुधा गेलेले असतात. जोडीतला एकच बदलू नका. ट्रान्झिस्टरखालचा मायका नवा घाला, पेस्ट पातळ लावा.

टेबलाकडे येणाऱ्यांना एक सूचना. कापलेल्या टोप्यांच्या कडा लागतात, मुलांना लांब ठेवा. आणि घरी जुनी यंत्रं उघडाल तेव्हा ट्रान्झिस्टरखाली मायकाऐवजी पांढरी, चिनी मातीची वाटणारी चकती दिसली तर ती फोडू नका, घासू नका, कानशीने साफ तर मुळीच करू नका. काही जुन्या यंत्रांत ती बेरिलियम ऑक्साइडची असते, आणि तिची भुकटी फुप्फुसांत गेली तर कायमचा आजार होतो. अखंड असेल तर तशीच राहू द्या आणि नवा ट्रान्झिस्टर तिच्यावरच बसवा.