मागचे दार



फॅनी फ्लॅग या अमेरिकन लेखिकेची 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे' ही कादंबरी १९८७ साली निघाली. अलाबामातील रेल्वेकाठच्या लहानशा गावात इजी आणि रूथ या दोघी मैत्रिणी खानावळ चालवितात. त्यांची हकीकत वृद्धाश्रमातली निनी आजी संसाराला विटलेल्या एव्हलिनला सांगत असते, आणि ऐकता ऐकता एव्हलिन पुन्हा उभी राहते. वाचकांचा जीव जडला तो यामुळेच, असे मला वाटते. लेखिकेच्या नात्याने आजी लागणाऱ्या बेस फोर्टनबेरींची आयर्नडेल गावी खरीच खानावळ होती. तीवरून ही गोष्ट सुचली. पुढे वाचक तेथे हिरव्या टोमॅटोच्या तळलेल्या चकत्या खायला जाऊ लागले!

मलाही हे पुस्तक प्रिय आहे. पण इजी कृष्णवर्णीय मजुरांना जेवण देते ते मागच्या दारातून. गोऱ्यांच्या धमक्यांना ती भीक घालीत नाही, हे तिचे धैर्य. तरी पुढे टेबलाशी त्यांना जागा नाही. आणि आत रांधणारी सिप्सी कृष्णवर्णीयच! पहिल्या वाचनात, मैत्रीच्या गोडीत, हे दार माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी शिक्षक आहे. दुसऱ्यांदा वाचताना त्याचीच मला लाज वाटली.