टाकीचं वय टाकीवरच लिहिलेलं असतं

दुपारची भांडी झाली असतील, कुणी शेंगा फोडत असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज मी टाकीबद्दल बोलणार आहे. पाण्याच्या नव्हे, गॅसच्या. पण सुरुवात करते समुद्रापासून.

मागच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाची सहल मालवण-तारकर्लीला गेली होती. तिथं लोक पाठीवर टाकी बांधून समुद्राच्या तळाला जातात, मासे बघतात. आमच्यातल्या दोघी धीर करून उतरल्या. मी काठावरच बसले. माझ्या शेजारी तिथला एक पोरगा टाक्या तपासत होता. मी म्हटलं, "बाळा, यात ऑक्सिजन भरलाय ना?" तो हसला. "नाही मावशी, आपण घेतो तीच हवा. फक्त दाबून भरलेली." किती दाबून? मोटारीच्या चाकात साधारण २ बार दाब असतो, या टाकीत २०० च्या आसपास. म्हणजे शंभरपट. माझ्या पोटात गोळाच आला. एवढा दाब पाठीवर घेऊन माणूस पाण्यात जातो!

मग त्यानं टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे दाखवले. कुणी बनवली, तिचा नंबर काय, रिकामी असताना वजन किती, पाणी किती मावतं, दाब किती चालतो आणि शेवटची परीक्षा कधी झाली. "ज्या टाकीची तारीख गेली ती आम्ही भरतच नाही," तो म्हणाला. टाकी पोलादाची आहे की अ‍ॅल्युमिनियमची, तेही ओळखता येतं. पोलादाला लोहचुंबक चिकटतं, अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. पोलादी टाकीचं बूड बहुतेक गोल असतं, म्हणून तिला खाली रबराचा बूट घालतात. आणि पोलादाचा वैरी एकच, गंज. म्हणून समुद्रातून आली की गोड्या पाण्यानं धुवायची, बुटाखाली पाणी साठू द्यायचं नाही, आणि टाकी कधी पूर्ण रिकामी करायची नाही. आत थोडा दाब राहिला की खारं पाणी आत शिरत नाही.

परीक्षा कशी घेतात तेही विचारलं. टाकीत पाणी भरतात आणि रोजच्या दाबापेक्षा जास्त दाब देतात. पाणीच का? हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी दबून बसते. टाकी फुटली तर बाँबच. पाणी तसं दबत नाही, म्हणून टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. दाबाखाली पोलाद जरासं फुगतं, दाब काढला की परत जागेवर येतं. परकराचं इलॅस्टिक आठवा. नवं असलं की ताणून सोडल्यावर जागेवर येतं, जुनं झालं की सैलच राहतं. टाकी ठरलेल्या मापापेक्षा जास्त सैल राहिली की ती बाद.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच. हा पोरगा दिवसातून दहा वेळा टाकीची तारीख वाचतो, आणि मी तीस वर्षं स्वयंपाकघरात टाकीशेजारी उभी आहे, एकदाही वाचली नाही.

आता घरच्या टाकीकडे येऊया. आपली लाल टाकीही पोलादाचीच. तिच्या डोक्यावर धरायची गोल कडी असते, आणि ती कडी तीन उभ्या पट्ट्यांवर बसवलेली असते. त्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला बघा. एका पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. समजा, बी २८. आकडे म्हणजे साल, २०२८. अक्षर म्हणजे वर्षातले तीन महिने.

इंग्रजी येत नसेल तर आकार लक्षात ठेवा. शिडीसारखं दिसतं ते ए: जानेवारी ते मार्च, म्हणजे संक्रांत आणि शिमगा. दोन पोटांचं ते बी: एप्रिल ते जून, लग्नसराई आणि मृग. चंद्रकोरीसारखं ते सी: जुलै ते सप्टेंबर, श्रावण आणि गणपती. धनुष्यासारखं ते डी: ऑक्टोबर ते डिसेंबर, दिवाळी आणि मार्गशीर्ष. बी २८ म्हणजे २०२८ च्या जूनअखेरपर्यंत ही टाकी चालेल, त्याआधी तिची परीक्षा व्हायला हवी. नव्या टाकीची पहिली परीक्षा १० वर्षांनी आणि पुढं दर ५ वर्षांनी होते. ती कंपनी करते. आपण कुणा वेल्डिंगवाल्याकडे टाकी न्यायची नाही.

म्हणाल, एकदा बघितलं की झालं. तसं नाही. टाकी आपली नसते बायांनो, ती फिरस्ती आहे. आज आटपाडीत, पुढच्या महिन्यात वडूजला. दर वेळी वेगळी टाकी दारात येते, म्हणून दर वेळी बघायचं.

दारातच चार गोष्टी करा. पहिली, तारीख वाचा. दुसरी, सील शाबूत आहे का बघा. तिसरी, वजन करायला सांगा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवायचे. टाकीवर १५.३ असेल तर काट्यावर २९.५ किलो भरायला हवेत. काटा आणणाऱ्यानं आणायचा असतो, तो आपला हक्क आहे. चौथी, टोपण काढून तोंडावर पाण्याचे चार थेंब टाकायला सांगा. बुडबुडे आले तर टाकी परत. तोंडात रबराची बारीक रिंग जागेवर आहे का तेही बघा.

ही रिंग मी उगाच सांगत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या घरी नवी टाकी लावली, रिंग चिरलेली होती. रात्रभर वास येत होता. त्यांना वाटलं, कांदा सडला असेल. पहाटे चहाला काडी ओढली. हात आणि गळा भाजला, दोन महिने दवाखान्यात होत्या. आज बऱ्या आहेत, पण उजव्या हातानं भाकरी थापता येत नाही. दहा पैशाच्या वस्तूएवढी ती रिंग. तेव्हापासून मी दारात टाकी न बघता घेत नाही म्हणाले असते, तर खोटं झालं असतं. समुद्राकाठच्या त्या पोरानं शिकवलं तेव्हा घडी बसली.

सहलीनंतरच्या बैठकीत आम्ही घरोघरी जाऊन टाक्या फिरवून बघितल्या. एकीची तारीख गेलेली निघाली. गॅसवाल्याला सांगितलं, तर म्हणाला, "वहिनी, आजवर कुणी विचारलंच नाही." टाकी बदलून दिली, भांडण झालं नाही. दुसरीकडे बाजारातून घेतलेली छोटी टाकी होती. ना कंपनीचं नाव, ना नंबर, ना तारीख. मोठ्या टाकीतून तिच्यात गॅस भरून घ्यायची. अशा निनावी टाकीची परीक्षा कधी झाली हे कुणालाच ठाऊक नसतं. स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. ५ किलोची छोटी टाकी रीतसर एजन्सीतही मिळते.

आता निगा. ओल्या फरशीवर टाकीचं बूड गंजतं. खाली लाकडी पाट किंवा जाळीचं स्टँड ठेवा. टाकी कायम उभी. गॅस संपत आला की आपण तिला आडवी करतो, गरम पाण्यात ठेवतो. दोन्ही धोक्याचं. पाणबुड्या टाकीत थोडी हवा मागे ठेवतो, आपण शेवटच्या थेंबासाठी जीव टांगतो! टाकीला घरी रंग देऊ नका, तारीख झाकली जाते. नारिंगी नळी दर ५ वर्षांनी बदला. नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावून बघा. काडी ओढून गळती कधीच बघायची नाही.

वास आलाच तर? हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो. दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करून काढा, टाकीला टोपण लावा आणि जमलं तर ती बाहेर मोकळ्यावर ठेवा. मग बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. हा नंबर रात्रंदिवस चालतो. दारामागं खडूनं लिहून ठेवा.

कृष्णा-वारणाकाठच्या मैत्रिणींसाठी थोडं वेगळं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पूर तुम्ही विसरला नसाल. भरलेली टाकीसुद्धा पुरात तरंगते. गॅस पाण्यापेक्षा हलका, म्हणून अख्खी टाकी वर येते आणि नळी तोडून वाहत सुटते. घर सोडायची वेळ आली तर आधी रेग्युलेटर काढा, टोपण लावा आणि टाकी खांबाला उभी बांधा. पाणी ओसरल्यावर चिखलातली टाकी धुवून तशीच जोडू नका. तोंडात गाळ बसलेला असतो. एजन्सीला कळवा. तिच्यासोबतची नळी आणि रेग्युलेटरही बदलून घ्या. आणि वाहत आलेली दुसऱ्याची टाकी घरात घेऊ नका.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरांत पहिल्यांदाच टाकी आली. चुलीचा धूर गेला, डोळे वाचले. पण चूल कशी सांभाळायची हे आपल्याला आयांनी शिकवलं, टाकीचं कुणी शिकवलं नाही. ते आता आपणच एकमेकींना शिकवायचं.

तर आजचं काम सोपं आहे. रेडिओ बंद केलात की शेगडी बंद आहे ना बघा, बॅटरी घ्या आणि टाकीच्या पट्ट्यांची आतली बाजू वाचा. अक्षर कोणतं, आकडे कोणते, ते पाठ करून येत्या बैठकीला या. हजेरी घेताना प्रत्येकीनं नावाबरोबर आपल्या टाकीची तारीख सांगायची. सासूबाईंना वाचता येत नसेल तर नातवाला सोबत घ्या, पण शिडी, पोटं, चंद्रकोर आणि धनुष्य त्यांनाही दाखवा. टाकी दारात येते तेव्हा पुष्कळदा घरात त्याच एकट्या असतात.

येते मैत्रिणींनो. सांभाळून राहा. नमस्कार.