तटावरची नावे

गेल्या उन्हाळ्यात लेक-जावयांबरोबर निजण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोटारीतून जर्मनीत हिंडले. टाउबर नदीच्या वर वसलेल्या रोथेनबुर्ग या जुन्या गावी मोटार वेशीबाहेर उभी केली, आतच पोहे केले नि आम्ही तटावर चढलो. ३१ मार्च १९४५ रोजी बाँब पडून हा तट बराच ढासळला होता. देशोदेशींच्या देणग्यांतून तो पुन्हा उभा राहिला. देणाऱ्यांची नावे दगडांवर कोरलेली आहेत.

वाचता वाचता मला आपली वसई आठवली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी जिंकलेला किल्ला! तेथेही भिंतींवर नावे आहेतच. शाळेच्या सहलीत खिळ्याने कोरलेले एक माझेही.

जावयांनी विचारले, "आई, एवढे काय वाचता?"

"काही नाही," म्हटले.