सागवानी घरांत विजेची तार

आलापल्लीचें नांव घेतलें कीं डोळ्यांपुढें सागाचें अरण्य उभें राहतें. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतील हें गांव. येथील सुमारें सहा हेक्टरांचें जपून ठेवलेलें वन २०१४ सालीं जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालें. अशा मुलुखांत जुन्या घरांचा सांगाडाहि लाकडाचाच असावयाचा. भिंती मातीच्या असल्या तरी कवेलूंचें ओझें वाहतात ते खांब, तुळया आणि वासे.

अशा घराची डागडुजी निघते, तेव्हां पूर्वीं दोन दिव्यांपुरती असलेली वीज पंखे, फ्रिज, पाणी तापविण्याचें यंत्र यांसाठीं घरभर न्यावी लागते. वाटेंत तुळई आडवी येते. सागाच्या लाकडांत वाळूसारखा सिलिका असतो. त्यामुळें गिरमिटाची धार लवकर मरते. मग घाईचा कारागीर पटाशी उचलतो, तुळईच्या खालच्या कडेला खांच पाडतो आणि नळी तींत बसवितो. वरून छताची फळी ठोकली जाते. काम स्वच्छ दिसतें. घरधनी समाधान पावतो. नुकसान मात्र फळीआड झालेलें असतें.

तें किती, हें पाहूं. भाराखालीं तुळई किंचित् वांकते. तिच्या वरच्या कडेचे तंतू दाबले जातात, खालच्या कडेचे ताणले जातात. उंचीच्या मध्यावर मात्र हा ताण जवळजवळ नसतोच. वांकण्यास विरोध करणारें तुळईचें बळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. समजा, तुळई १६ सेंटिमीटर उंच आहे आणि खालीं ४ सेंटिमीटरांची खांच पडली. उंची उरली १२. सोळाचा वर्ग २५६, बाराचा १४४. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत, त्या १९५७ पूर्वींच्या हिशेबानें सांगावयाचें, तर त्या ठिकाणीं रुपयाभर बळांतून सात आणे गेले. खांचेच्या कोपऱ्यापासून लाकूड चिरत जातें, तें निराळेंच. आतां तेवढ्याच ४ सेंटिमीटर व्यासाचें भोंक उंचीच्या बरोबर मध्यावर पाडलें, तर नुकसान चौसष्टाव्या हिश्शाचें, म्हणजे त्याच रुपयांतला एक पैसा! तार तीच, तुळई तीच. फरक केवळ जागेचा.

अर्थात् भोंकालाहि मर्यादा आहे. त्याचा व्यास उंचीच्या चौथ्या हिश्शाहून मोठा नसावा. तें टेकूच्या अगदीं जवळ नको आणि गाळ्याच्या मध्यावरहि नको. गाळा दहा फुटांचा असेल, तर टेकूपासून अडीच ते चार फुटांमधील जागा उत्तम. तार वरच्या-खालच्या कडेपासून पांच सेंटिमीटर आंत राहिली, म्हणजे उद्यां फळीला ठोकलेला खिळा तिच्यापर्यंत पोंचत नाहीं.

दुसरी गोष्ट जोडाची. सैल जोड तापतो आणि शेजारचें लाकूड हळूहळू कोळसत जातें. म्हणून तार नळींतून अखंड न्यावी, म्हणजे उंदरांपासूनहि तिचें रक्षण होतें. आणि जोड उघडतां येईल अशा पेटींतच करावा, फळीआड कधींहि नाहीं. तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारें साधन अवश्य बसवावें. तें माणसाला जबर धक्क्यापासून वांचवितें; परंतु सैल जोडाचा ताप त्याला कळत नाहीं. तेथें कारागिराचा हातच खरा.

आणि लाकूड मुळींच न कापतां काम होत असेल, तर त्याहून चांगलें काय? पूर्वीं देशभर घरोघरीं तारा उघड्यावरच असत. त्या सागाच्या पट्ट्यांवर पितळी क्लिपांनीं बसवीत. असें काम दिसावयास साधें, पण दोष लपविण्यास त्यांत जागा नसे.

म्हणून छताची फळी ठोकण्यापूर्वीं घरधन्यानें हातांत दिवा घेऊन प्रत्येक तुळई खालून पाहावी. खांच आढळली, तर काम तेथेंच थांबवावें आणि जाणत्या सुताराकडून त्या तुळईला आधार देववावा. फळी बसली, कीं तो दोष दिसेल तो तुळई वांकूं लागल्यावरच.