दोघांची शिडाची होडी आणि तिचें सामान



मिरजेचें आणि पाण्याचें नातें जुनें आहे. कृष्णा शहराच्या शेजारून वाहते. पलीकडे सांगलीस तिच्या पात्रांत होड्यांच्या शर्यती होतात आणि त्या पाहावयास कांठावर माणसांची रीघ लागते. तथापि होडी ही आजवर आपल्या लेखीं नावाड्याची, मच्छिमाराची किंवा शर्यतींत उतरणाऱ्या जवानांची वस्तु होती. पांढरपेशा गृहस्थानें स्वतःची होडी विकत घ्यावी, ती मोटारीबरोबर तळ्यावर न्यावी आणि पतिपत्नींनीं किंवा बापलेकांनीं दिवसभर तींतून हिंडावें, ही हौस अलीकडची. हौस चांगली आहे. म्हणूनच तिच्या सामानाविषयीं चार शब्द बोलणें अवश्य वाटतें.

ही होडी कयाक जातीची. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक सीलच्या कातड्याची जी अरुंद, निमुळती होडी करीत, तिचेंच हें आजचें प्लास्टिकचें रूप. दोघांसाठीं एकामागें एक अशा दोन बैठका, मध्यें डोलकाठी, तिला गुंडाळतां येणारें शीड, आणि दोन्ही अंगांस उलांड्या. उलांडी हा शब्द आपल्या कोंकणच्या दर्यावर्दी लोकांचा आहे. अरुंद होडीला आडव्या दांड्यांनीं जोडलेला आणि पाण्यावर टेकणारा ओंडका म्हणजे उलांडी. तिच्यामुळें शिडांत वारा भरला तरी होडी सहसा कलंडत नाहीं. अशी होडी सुमारें १८ फूट लांब भरते, आणि सर्व सरंजामासह तिचें वजन शंभर किलोग्रॅमच्या घरांत जातें.

होडीबरोबर विक्रेता सामानाची जी यादी हातीं देतो ती लग्नाच्या यादीहून लहान नसते. त्यांतून निवड कशी करावी? माझ्या मतें त्यास एकच कसोटी पुरेशी आहे. दोघांपैकीं एक जण पाण्यांत पडला आहे अशी कल्पना करावी, आणि प्रत्येक वस्तु हातीं घेऊन विचारावें, "उरलेल्या एकट्याला ही बसल्या जागेवरून वापरतां येईल काय?" ज्या वस्तूचें उत्तर होकारार्थी येईल ती आधीं घ्यावी. बाकीच्यांचा विचार पैसे उरल्यास करावा.

ही कसोटी कडक वाटेल, पण ती शिडाच्या स्वभावांतून आली आहे. वल्ह्याची होडी वल्हें थांबतांच मंदावते. शिडाची होडी मात्र कोणासाठींहि थांबत नाहीं. ताशीं सहा किलोमीटर ही तिची साधारण गति धरली, तरी एका मिनिटांत ती शंभर मीटर पुढें जाते. पाण्यांत पडलेला मनुष्य उत्तम पोहणारा असला, तरी तिला गांठील हा भरंवसा धरूं नये. एकट्यानें दोघांची होडी सांभाळणें अशक्य आहे असें मात्र नव्हे. हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरानें १९५६ सालीं दोघांसाठीं बांधलेल्या, सुमारें १७ फुटांच्या घडीच्या कयाकला शीड लावून एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला. कॅनरी बेटांहून वेस्ट इंडीजला पोंचण्यास त्याला ७२ दिवस लागले. त्याची उलांडी मोटारीच्या चाकांतील रबरी नळीच्या तुकड्याची होती. किंमती सामानापेक्षां हाताशीं असलेलें आणि एकट्याला पेलणारें सामान मोलाचें, हें त्यावरून दिसतें.

पहिली वस्तु जीवरक्षक जाकीट. कल्पना आपणांस नवी नाहीं. वाळलेला भोपळा पाठीस बांधून नदीकांठचीं मुलें पोहावयास शिकत आलीं आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या ज्या भोपळ्यांतून मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याला आवाज देतात, तोच भोपळा पाण्यांत माणसास तोलून धरतो. दोन्ही ठिकाणीं काम करते ती आंतली पोकळी. आजच्या जाकिटावर त्याची तरंगशक्ति न्यूटन या मानांत छापलेली असते. ५० न्यूटन म्हणजे सुमारें पांच किलोग्रॅम भार तोलणारी शक्ति. पोहतां येणाऱ्यास, मदत जवळ असतां, ती पुरते. ज्यास पोहतां येत नाहीं त्यानें १०० न्यूटनाचें, शांत पाण्यांत तोंड वर राखण्याच्या हेतूनें केलेलें जाकीट घ्यावें. तें अंगाच्या मापाचें असावें, आणि कांठावरच बांधावें. बैठकीखालीं ठेविलेलें जाकीट बुडणाऱ्याच्या कामीं येत नाहीं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत आपल्याच जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. तीं माणसें सहलीस निघालेलीं नव्हतीं, पुरांतून जीव वाचविण्यासाठीं नावेंत बसलेलीं होतीं. ज्यांना हौसेनें पाण्यावर जावयाचें आहे, त्यांना तर जाकिटाच्या बाबतींत कोणतीच सबब उरत नाहीं.

दुसरी गोष्ट शिडाची दोरी. शीड आवळण्याची आणि सोडण्याची दोरी दोन्ही बैठकांवरून हातीं येईल अशी ओवून घ्यावी. ती गांठ मारून कधींहि बांधूं नये; एका झटक्यासरशी सुटणाऱ्या चिमट्यांत अडकवावी. जागेवर बसूनच शीड डोलकाठीभोंवतीं गुंडाळण्याची सोय असेल, तर तिच्यासाठीं अधिक पैसे मोजणें योग्य होय. सुकाणूंची मूठहि दोघांच्या आटोक्यांत असावी. दोरी पायांत गुंतलीच तर ती कापण्यासाठीं बोथट टोंकाची सुरी जाकिटास अडकवून ठेवावी.

तिसरी गोष्ट होडींत परत चढण्याची. ओलें अंग, भिजलेले कपडे आणि थकलेले हात घेऊन पाण्यांतून वर येणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. घोड्याच्या रिकिबीसारखा फांस असलेली जाड दोरी होडीच्या आडव्या दांड्यास लावून ठेवावी. पाण्यांतील मनुष्य तींत पाय देऊन वर येतो. घरीं निघण्यापूर्वीं कमरेइतक्या पाण्यांत दोघांनींहि तिचा सराव करावा. वल्हीं दोन घ्यावीं, आणि प्रत्येक वल्हें बारीक दोरीनें होडीशीं जोडावें. वारा पडला म्हणजे घरीं आणणारें साधन तेंच. पाणी उपसण्याचा हातपंप आणि एक मोठा स्पंज हेंहि याच वर्गांत येतें.

नांगराच्या बाबतींत आपल्या तळ्यांचा विचार करावा लागतो. कोल्हापूरचा रंकाळा आणि कोयनेचा शिवसागर या दोहोंस आपण तळें म्हणतों. पण १०३ मीटर उंचीच्या धरणानें अडविलेला शिवसागर डोंगरांच्या घळींतून सुमारें ५० किलोमीटर पसरला आहे. तेथें मध्यभागीं लहान नांगराची दोरी तळाशीं पोंचणार नाहीं. नांगर कांठाजवळच उपयोगी. मोकळ्या पाण्यांत टोंकाकडून सोडावयाची कापडी पिशवी बरी. ती पाण्यानें भरून होडीचें वाहत जाणें मंद करते आणि तिचें तोंड वाऱ्याकडे ठेवते. अशा तळ्यांत बुडालेल्या झाडांचे खुंट असतात. म्हणून आपटतांच वर उचललें जाणारें सुकाणूं घ्यावें. उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे कांठावर चिखलाचा रुंद पट्टा राहतो. शंभर किलोग्रॅमची होडी त्यावरून न्यावयाची तर रुंद रबरी चाकांचा गाडा लागतो; बारीक चाकें रुततात.

हांक मारण्याचीं साधनें अंगावरच असावीं. शिट्टी जाकिटास, आणि जलाभेद्य पिशवींतला दूरध्वनि खिशांत. डोंगरांच्या घळींत दूरध्वनीस नेहमींच संपर्क मिळेल असें नाहीं. यास्तव जाण्याची जागा आणि परतण्याची वेळ घरीं लिहून ठेवणें हें सर्वांत स्वस्त व सर्वांत विश्वसनीय साधन होय. पिण्याचें पाणी प्रत्येकीं तीन लिटर, डोक्यास दोरीची टोपी, आणि कोरडे कपडे घट्ट तोंडाच्या पिशवींत. बर्फाची पेटी, गाण्याचें यंत्र आणि गळ अडकविण्याच्या खुंट्या यांचा क्रमांक यानंतर. प्रत्येक सुटी वस्तु होडीस बांधलेली असावी, आणि माणसांसह एकूण भार होडीवर नोंदलेल्या मर्यादेपेक्षां बराच कमी असावा.

एक साधन मात्र कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं, तें म्हणजे न जाण्याचा निश्चय. पावसाळ्यांत होडी घरींच राहूं द्यावी. चैत्र-वैशाखांतील वळीव कसा येतो हें मिरजेच्या माणसास सांगावयास नको. दुपारपर्यंत पान हलत नाहीं. मग धुळीचा लोट, पाठोपाठ वारा आणि विजा. उघड्या तळ्यावर डोलकाठी हीच सर्वांत उंच वस्तु असते. म्हणून उन्हाळ्यांत पहाटे निघावें, आणि ऊन तापण्यापूर्वीं कांठाला लागावें. धरणाच्या जलाशयावर, आणि विशेषतः अभयारण्याला लागून असलेल्या कोयनेसारख्या ठिकाणीं, होडी उतरविण्यापूर्वीं संबंधित खात्याची परवानगी घेणेंहि तितकेंच अवश्य आहे.

दोघांच्या होडीचें सुख सोबतींत आहे. पुढचा वाट पाहतो, मागचा सुकाणूं धरतो, आणि मध्यें बोलणें चाललेलें असतें. त्या सोबतीची किंमत म्हणून प्रत्येकानें एकट्यानें दुसऱ्यास परत आणण्याची तयारी ठेवावी. सामान निवडतांना एवढें ध्यानांत राहिलें, तर यादी आपोआप लहान होईल आणि तिच्यांतील एकहि वस्तु वायां जाणार नाहीं.