चिमटीची नस

भाजीत चिमूटभर हळद टाकताना, दारात रांगोळी घालताना, सुईत दोरा ओवताना किंवा तासगावच्या मळ्यात द्राक्षघडातले मणी विरळ करताना अंगठ्याचे आणि तर्जनीचे शेवटचे पेर वाकते आणि टोकाला टोक भिडते. हे घडवून आणणाऱ्या एका छोट्या नसेविषयी आज मी बोलणार आहे.

वैद्यकात तिला अग्र आंतरास्थी चेता म्हणतात. कोपराखाली साधारण ५ ते ८ सेंटीमीटरवर ती हाताच्या मधल्या मुख्य नसेतून फुटते आणि दोन हाडांमधल्या पडद्यावरून मनगटाकडे जाते. अंगठ्याचे पेर वाकवणारा, तर्जनीचे व बहुधा मधल्या बोटाचे पेर वाकवणारा आणि तळहात पालथा करणारा असे तीन स्नायू तिच्या ताब्यात असतात. त्वचेच्या स्पर्शाचे काम मात्र तिच्याकडे नाही. त्यामुळे ती दुखावली तरी हाताला बधिरपणा येत नाही आणि दुखापत नजरेतून सुटते.

सातारा-सांगलीकडे सुटीत मुले चिंचेच्या, आंब्याच्या झाडावर चढतात. पडताना हात टेकला की कोपराच्या किंचित वर हाड मोडते. अशा मोडीत नस दुखावलीच, तर सर्वांत जास्त वेळा ती हीच शाखा असते. बोटे हलतात, चिमटा काढलेला कळतो, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. मी अशा मुलाला एवढेच सांगतो, "बाळा, अंगठा आणि तर्जनी जोडून गोल कर बघू." नस शाबूत असेल तर छान गोल होतो. नसेल तर पेरे ताठ राहतात आणि गोलाऐवजी चपटी चोच दिसते.

घाबरू नका. यातल्या बहुतेक नसा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप सुधारतात. खरा धोका आहे तो कोपर चोळण्याचा आणि करकचून पट्टी बांधण्याचा. वेदना वाढत गेल्या, बोटे गार किंवा निळसर पडली, ती सरळ करताना मूल किंचाळले, तर रक्तपुरवठा अडला आहे असे समजा. पट्टी ताबडतोब सैल करा आणि मूल कराड, सातारा, सांगली, मिरज, जे जवळ असेल तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. सहा-आठ तास गेले की स्नायू मरू लागतो आणि हात जन्माचा आखडतो. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्येच हे लिहून ठेवले आहे.

नस थांबून बरी होते. रक्ताविना स्नायू थांबत नाही.